सूर्य शांत असतानाही दर २७ दिवसांनी कॉस्मिक रे का घसरतात?

आकाशवेडा: नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी फिनलंडमधल्या ओउलूच्या न्यूट्रॉन मॉनिटरचा (अवकाशातून येणारे कॉस्मिक रे हवेत आदळून तयार होणारे न्यूट्रॉन मोजणारं यंत्र) डेटा घेऊन ग्राफ काढतोय. १० मे २०२४ ला काउंट धाडकन खाली आला ते कळलं, तेव्हा मोठं सौर वादळ आलं होतं, लडाखमधून आकाश लाल दिसलं होतं. पण २००७-०८ चा डेटा उघडला तर सूर्यावर डाग जवळपास नाहीतच, तरी साधारण २७ दिवसांनी एखाद टक्क्याची घसरण परत परत दिसते. माझ्या कोडमधे चूक आहे का? दोन दिवस डोकं खाजवतोय.

जुनी_दुर्बीण: कोड बरोबर आहे रे, तुला खरी गोष्ट सापडलीय! सूर्यावर कोरोनल होल असतात, म्हणजे त्याच्या बाहेरच्या वातावरणातले चुंबकीय रेषा मोकळ्या असलेले भाग, तिथून सौर वारा (सूर्यातून सतत सुटणारे भारित कण) सेकंदाला ६००-७०० किमीने सुटतो आणि बाकीचा संथ वारा असतो ३००-४०० ने, आता सूर्य फिरतोय म्हणजे एकाच दिशेला आधी संथ आणि मागून वेगवान वारा निघतो, मग घाटात ट्रकच्या मागे गाड्या तुंबतात तसं मधे सगळं दाबलं जातं आणि तिथलं चुंबकीय क्षेत्र वाढतं, नेहमी ५ नॅनोटेस्लाच्या आसपास असतं ते १०-१५ वर जातं. कॉस्मिक रे म्हणजे विद्युतभारित कण, त्यांना या दाट गुंतलेल्या क्षेत्रातून आत शिरणं जड जातं, शिवाय वेगवान वारा त्यांना बाहेर ढकलतो. तेच होल पृथ्वीसमोर परत यायला साधारण २७ दिवस लागतात. शेतातलं फिरणारं स्प्रिंकलर आठव, तोच फवारा फिरून फिरून अंगावर येतो.

निलगिरी: मे २०२४ चं प्रकरण वेगळं, ती फोरबुश घसरण. स्कॉट फोरबुशने १९३७ मधे दाखवलेली. सूर्यातून सुटलेला चुंबकीय ढग येतो, पुढे शॉक (वेगवान ढगामुळे उठणारी धक्का-लाट) आणि खवळलेला पट्टा. म्हणून काही वेळा घसरण दोन पायऱ्यांत दिसते, पहिली शॉकला, दुसरी ढग आल्यावर. काही तासांत खाली, आणि वर यायला कितीतरी दिवस. तुझी २७ दिवसांवाली मात्र हळू उतरते, हळू चढते. उटीच्या ग्रेप्स-३ या कॉस्मिक रे प्रयोगाचा म्युऑन (कॉस्मिक रे हवेत आदळून तयार होणारे कण) डेटा कुठे मिळाला तर शेजारी ठेव, भारतात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे कमी ऊर्जेचे कण पोचतच नाहीत, उरतात ते जास्त ऊर्जेचे आणि त्यांना वारा फारसा अडवू शकत नाही, त्यामुळे तीच घसरण तिथे ओउलूपेक्षा लहान दिसते.

आकाशवेडा: खूप खूप आभार दोघांचे! हवेच्या दाबाचा परिणाम नसेल ना पण?

जुनी_दुर्बीण: दाब वाढला की काउंट कमी होतो हे खरं, म्हणून दाब-दुरुस्ती केलेलाच कॉलम घे, कच्चा नको. मग नासाच्या ओम्नी डेटातून (पृथ्वीजवळच्या सौर वाऱ्याच्या यानांनी घेतलेल्या नोंदी) वाऱ्याचा वेग आणि चुंबकीय क्षेत्र त्याच वेळेवर खाली लाव. क्षेत्र आधी वर जातं, वेग त्यामागून चढतो, आणि घसरण बहुतेक त्या दोघांच्या मधे कुठेतरी सुरू होते. सगळ्या घसरणींचा तोच क्षण शून्य धरून सरासरी काढ, एकेकट्या ग्राफमधे न दिसणारा आकार उठून दिसेल. ग्राफ झाला की इथे टाक, मला बघायचाय.