अर्थसंकल्पात नागरिक कामे सुचवतात. आर्थिक धोरणही ठरवतात का?

प्रश्न – मुठाकाठ

अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत पुणे महापालिकेने २००६ पासून सुरू केली. नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, त्याची छाननी व्हायची आणि निवडलेली कामे अंदाजपत्रकात घ्यायची, असा तिचा क्रम आहे. मात्र सुचवलेल्या कामांत पदपथ, दिवे आणि बाके यांचाच भरणा दिसतो. मंडईतील गाळे, पथारीवाल्यांची जागा, लघुउद्योगांसाठी राखायची जमीन अशा पोटापाण्याशी जोडलेल्या प्रश्नांवर या मार्गाने काही ठरते का? नागरिक कमी पडतात, की कारभाराची रचनाच त्यांना एवढीशी जागा देते?

उत्तर १ – जुना कारकून

माझ्या मते दोष मुख्यतः रचनेचा आहे. आपल्या महापालिकांत अंमलबजावणीचे अधिकार निवडून आलेल्या महापौरांकडे नसून राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये बारावी अनुसूची (पालिकांकडे सोपवता येतील अशा विषयांची यादी) लागू झाली आणि तिच्या १८ विषयांत ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ हा विषय आला खरा, पण तो पालिकांकडे कितपत सोपवायचा, हे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर राहिले. औद्योगिक वसाहतींचे निर्णय १९६२ पासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) घेते आणि जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते. त्यात जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही (एलबीटी) गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. पूर्वी शहरात व्यापार वाढला की पालिकेची तिजोरी भरत असे. आता पालिका त्या रकमेसाठी राज्याच्या अनुदानाकडे पाहते. ज्या संस्थेला स्थानिक व्यापारवाढीतून थेट उत्पन्न मिळत नाही, ती नागरिकांना व्यापाराविषयी कशाला विचारील? २०२२ पासून पुण्यासह अनेक महापालिकांवर प्रदीर्घ काळ प्रशासक होते. त्या काळात सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती यांचे अधिकारही एकाच अधिकाऱ्याच्या हाती होते, हेही विसरू नये.

उत्तर २ – धानोरा

रचनेचा मुद्दा मान्य आहे, पण आमच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाकडेही पाहावे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा सर्वांना ठाऊक असते, पण घोषणेने बांबू विकला जात नाही. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवाने वनखात्याच्या हातात असल्यामुळे बांबू बाजारात नेता येत नव्हता. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले, तेव्हा कुठे विक्रीचा आणि मिळकतीचा निर्णय गावाच्या हाती आला. सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय गावाला त्याआधी कित्येक वर्षे होती. हक्क आणि परवाना मिळाल्यावर त्या सवयीतून मजुरीचे दर आणि तोडीचे नियम ठरू लागले.

उत्तर ३ – पाटबंधारे

मेंढा-लेखाचा दाखला नेहमी दिला जातो, परंतु प्रत्येक गावाला जंगल नसते. आमच्यासारख्या बागायती भागात ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी लागते आणि तेवढेही लोक आले नाहीत की सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे सर्व जाणत्यांना नीट माहीत असते. वित्त आयोगाच्या निधीचा मोठा हिस्सा बंधित असल्यामुळे तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चावा लागतो. सरपंच थेट निवडायचा की सदस्यांमधून, हा नियम २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा फिरला. त्यावर गावोगावी जेवढी चर्चा झाली, तिच्या निम्मीही अबंधित निधीवर झाली नसेल.

उत्तर ४ – जुना कारकून

मूळ प्रश्नातील पथारीवाल्यांबाबत एक गोष्ट राहिली. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि जागा ठरवताना समितीशी सल्लामसलत करणे पालिकेवर बंधनकारक आहे. अर्जाद्वारे सूचना देण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी भक्कम आहे. अर्थात, ४० टक्के म्हणजे बहुमत नव्हे आणि या समितीचेही अध्यक्ष आयुक्तच असतात. त्यामुळे पुण्यात या विषयावर काही करायचे असेल, तर अंदाजपत्रकाच्या अर्जापेक्षा या समितीच्या बैठका वेळेवर होतात का आणि त्यांची इतिवृत्ते मिळतात का, हे आधी विचारावे.