ओपनबॉक्समध्ये शीर्षकं, मेनू आणि मराठी अक्षरं नीट वाचता येतील अशी कशी करावीत?

काठपदर (प्रश्न):
डेबियन लिनक्स, ओपनबॉक्स (खिडक्या, त्यांच्या शीर्षकपट्ट्या आणि मेनू सांभाळणारा विंडो मॅनेजर), १४ इंची १९२० × १०८० पडदा. सगळीच अक्षरं बारीक. ओपनबॉक्सच्या आरसी.एक्सएमएल या सेटिंग फाइलमध्ये अ‍ॅक्टिव्हविंडोचा (चालू खिडकीच्या शीर्षकाचा) फॉन्ट ८ वरून १३ केला. शीर्षकपट्टी वाढली, पण उजव्या क्लिकचा मेनू तसाच, फाइल मॅनेजरवरही परिणाम नाही. मग एक्सरिसोर्सेस या सेटिंग फाइलमध्ये एक्सएफटी.डीपीआय (अक्षरांसाठी इंचाला किती पिक्सेल धरायचे तो आकडा) १४४ लिहून ऑटोस्टार्टमधून (लॉगिननंतर आपोआप चालणाऱ्या फाइलमधून) एक्सआरडीबी (ती सेटिंग लागू करणारी आज्ञा) चालवलं, तर प्रोग्राम मोठे झाले आणि शीर्षकं मात्र ढिम्म. मराठी नावाची फाइल उघडली की शीर्षकातली अक्षरं धूसरही दिसतात. रिझोल्यूशनच १३६६ × ७६८ करून टाकू का?

तर्कट:
रिझोल्यूशनला हात लावू नका. एलसीडीला त्याचं मूळ माप सोडून दुसरं दिलं की प्रत्येक अक्षराची कड पसरते.

तुमच्या पडद्याची खरी घनता इंचाला साधारण १५७ पिक्सेल आहे, पण एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्राम) सांगायचं म्हणून ९६ सांगतो. त्यामुळे १४४ हा आकडा योग्यच आहे (९६ ची दीडपट). चूक क्रमाची आहे. ओपनबॉक्स-सेशन (लॉगिनवेळी चालणारी स्क्रिप्ट) आधी ओपनबॉक्स सुरू करतं आणि ऑटोस्टार्ट त्यानंतर चालतं. डीपीआय बदलेपर्यंत ओपनबॉक्सने जुना आकडा वाचून ठेवलेला असतो. रीकॉन्फिगर करून (सेटिंग फाइल पुन्हा वाचायला लावून) तो बदलत नाही, रीस्टार्ट करावं लागतं.

एक्सआरडीबी-मर्जची ओळ ऑटोस्टार्टमधून काढून त्याच फोल्डरमधल्या एन्व्हायरन्मेंट फाइलमध्ये टाका; ती ओपनबॉक्सच्या आधी वाचली जाते. (नुसतं ओपनबॉक्स चालवत असाल तर ही फाइल वाचलीच जात नाही, मग ओळ एक्सइनिटआरसी या सुरुवातीच्या फाइलमध्ये, ओपनबॉक्स सुरू करणाऱ्या शेवटच्या एक्झेक ओळीच्या वर.) आणि तो १३ परत १० वर आणा. पॉइंटमधलं माप डीपीआयने गुणलं जातं, म्हणून दोन्ही वाढवलंत तर अर्धा पडदा शीर्षकपट्टीच खाईल.

मेनू न बदलण्याचं कारण साधं आहे: आरसी.एक्सएमएलमध्ये फॉन्टच्या सहा जागा आहेत. मेनूहेडर आणि मेनूआयटम वेगळे लिहावे लागतात.

निळीशाई:
एक भर. एक्ससेटिंग्जडी (प्रोग्रामांना सेटिंग पुरवणारी पार्श्वसेवा) चालू असेल तर जीटीके (बटणं-मेनू काढणारी लायब्ररी) वापरणारे प्रोग्राम डीपीआय तिथून घेतात, एक्सरिसोर्सेसमधून नाही. तिथे आकडा १०२४ ने गुणून द्यायचा, म्हणजे १४४ साठी १४७४५६. नुसतं १४४ लिहिलं तर अक्षरं दिसेनाशी होतील इतकी बारीक होतात.

धूसरपणाचा संशय मला थीमवर आहे. थीमआरसी फाइलमध्ये लेबल-टेक्स्ट-फॉन्टच्या ओळीत शॅडो=वाय असेल तर ते एन करा. रोमन अक्षरांना ती सावली एकवेळ चालते, पण देवनागरीत शिरोरेषेखाली दुसरी रेघ उमटते आणि अनुस्वार मात्रेत मिसळतो. थीम आधी स्वतःच्या डॉट-थीम्स फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने कॉपी करा. यूएसआर-शेअरमधली बदललीत तर पुढच्या अपडेटला बदल पुसला जाईल. तिथेच पॅडिंग.हाइट (अक्षरांच्या वर-खालची मोकळी जागा) ४ करून बघा आणि अक्षर-पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ ठेवा. निष्क्रिय खिडकीचं शीर्षक करड्यावर करडं ठेवायची थीमवाल्यांना फार हौस असते.

मराठीसाठी कोणता फॉन्ट उचलला जातो ते एफसी-मॅच या आज्ञेला सॅन्स आणि भाषा एमआर देऊन कळतं. फॉन्टकॉन्फिगमध्ये (फॉन्ट निवडणाऱ्या व्यवस्थेत) हिंटस्टाइल (अक्षराच्या कडा पिक्सेलवर बसवण्याची पद्धत) हिंटस्लाइट ठेवा. पडदा उभा फिरवून वापरत असाल तर आरजीबीए (पिक्सेलमधल्या रंगपट्ट्या वापरून कडा मऊ करणं) बंद करा किंवा व्हीआरजीबी (त्या पट्ट्यांचा उभा क्रम) द्या, नाहीतर कडांना रंग दिसतात.

काठपदर:
एन्व्हायरन्मेंटमध्ये ओळ हलवल्यावर शीर्षकं आणि मेनू दोन्ही मापात आले. सावली होतीच, काढली. आता पट्टी उंच झाली, पण बंद करायच्या बटणातली फुली इवलीशीच आहे. आणि एक्सटर्म या टर्मिनलमध्ये वेलांट्या अजून भलतीकडेच.

तर्कट:
फुली ही एक्सबीएम (ठराविक पिक्सेलचं दोनरंगी) चित्र आहे. बटणाची जागा पट्टीबरोबर वाढते, आतलं चित्र वाढत नाही. म्हणजे क्लिक सोपं झालंय, दिसणं नाही. थीमच्या फोल्डरमध्ये क्लोज.एक्सबीएम १२ × १२ चं काढून ठेवा. मॅक्स आणि आयकॉनिफायचीही तशीच. खिडकीची कड पकडणं जड जात असेल तर ऑल्ट दाबून उजव्या बटणाने ओढा, मूळ मांडणीत ते आधीच आहे.

एक्सटर्मचं दुखणं फॉन्टचं नाही. तो एकेक अक्षर ठरलेल्या चौकटीत बसवतो, जोडाक्षरं आणि मात्रांची मांडणी करतच नाही, त्यामुळे फॉन्ट कितीही बदललात तरी तेच. मराठी फाइलनावं टर्मिनलमध्ये वाचायची असतील तर कॉन्सोल (केडीईचा टर्मिनल प्रोग्राम) वापरा.