प्रति: संप फसला तो सामंतांच्या हट्टामुळे?

'कामगार नेते दत्ता सामंत यांनी हट्ट सोडला असता तर मुंबईतल्या कापडगिरण्यांचा १९८२चा संप मिटला असता' हे अर्धंच खरं. मिटवायचा कुणाशी? गिरण्यांना १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात संघटनेला मान्यता, म्हणजे कामगारांच्या वतीने मालकांशी बोलणी करायचा हक्क, गिरणीगणिक नाही, अख्ख्या मुंबईतल्या कापडधंद्याला एकच प्रातिनिधिक संघटना. ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. त्यामुळे एखाद्या गिरणीतले सगळे कामगार सामंतांकडे गेले तरी कायद्याच्या हिशेबी शून्य. सामंतांचा जम बसला तो इंजिनिअरिंग कारखान्यांत. तिथे कामगार संघटनांच्या मान्यतेचा महाराष्ट्राचा १९७१चा कायदा: मान्यता कारखान्यापुरती, सलग सहा महिने ३० टक्के सभासद दाखवले की अर्ज करता येई. म्हणून तर संपाच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर हा ४६चा कायदा रद्द करण्याचीही मागणी होती. संपाची चर्चा बोनसभोवतीच फिरते आणि नेमकी हीच मागणी विसरली जाते.