घरचा ग्रुप: मागच्या भिंतीला नळ

वहिनी: मागच्या अंगणात एक नळ हवाय. झाडांसाठी किचनमधून बादल्या नेऊन नेऊन फरशी कायम ओली. कोणी बसवून घेतलाय का?

दादा: सिंकखालच्या लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) टाकायची, भिंतीला भोक पाडायचं, पलीकडे नळ. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मामा: थांब रे. सिंकची लाइन टाकीवरून येते की थेट मेनवरून?

दादा: गच्चीवरच्या टाकीतून.

मामा: मग प्रेशरचा हिशोब आधी कर. १० मीटर उंचीला साधारण १ बार मिळतो. तुमची टाकी नळापासून फार तर ४ मीटर वर, म्हणजे ०.४ बार. बादली भरेल, पण लांब फवारा उडायचा नाही. आणि सिंकखाली अर्धा इंची पाइप आहे, तिथून पुढे जाड पाऊण इंची नेला तरी काय फरक पडणार? टाकीवरून खाली येणाऱ्या मोठ्या लाइनलाच टी मार. म्हणजे बाहेरचा नळ सोडला की सिंकची धारही बारीक होणार नाही.

वहिनी: फवारा नकोच मामा, पाइप झाडाच्या बुडाशी टाकून ठेवणार.

आत्या: नळ खूप खाली घेऊ नका गं! आमच्याकडे बादली तिरकी धरून भरावी लागते. दोन फूट तरी वर हवा.

काका: कुलूपवाला नळ मिळतो, तो बघा. नाहीतर जो तो येऊन हातपाय धुऊन जाईल.

मी: काका, मागच्या अंगणात कोण येतंय 😄

मामा: काकांचं सोडा, खरं महत्त्वाचं ऐका. टी टाकली की लगेच, घराच्या आतच एक बॉल व्हॉल्व्ह. बाहेरचा नळ गळायला लागला तर तेवढीच लाइन बंद करता येते, वॉशर बदलायला अख्ख्या घराचं पाणी तोडावं लागत नाही. त्याच्या पुढे एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह. हा लोक हमखास गाळतात.

मी: टाकीच्या लाइनला एनआरव्ही कशाला? पाणी तर वरून खालीच येणार ना.

मामा: पाइपचं तोंड खताच्या पाण्याच्या बादलीत बुडालेलं आहे, नळ चालू आहे, वर टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि घरात बादलीपेक्षा खालच्या पातळीवरचा एखादा नळ उघडला, तर सायफन होऊन ते पाणी उलटं घरात. मेन लाइनवर हा धोका बराच जास्त, कारण पाणी गेलं की लाइनच मागे ओढते. फ्लॅपवाला घे, स्प्रिंगचा कमी प्रेशरला पाणी अडवतो. बसवताना बाण पाण्याच्या दिशेने. आणि तरीही पाइपचं तोंड बुडवून ठेवू नका.

दादा: बरं, भोक मी मारतो. ड्रिल आहे.

मामा: आधी भिंतीचा फोटो टाक.

वहिनी: 📷 डावीकडे खिडकी, उजवीकडे कोपऱ्याला गीझरचा पॉइंट.

मामा: गीझरच्या पॉइंटच्या सरळ वर-खाली वायर असण्याची शक्यता, तिकडे जाऊच नका. कोपऱ्यात कॉलम असेल, तोही सोडा. खिडकीखालची जागा बरी, पण आधी तिथेही ठोकून बघ. भोक बाहेरच्या बाजूला जरा उतरतं मार, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. पाइपभोवती राहिलेली फट बाहेरून सिलिकॉनने बुजव.

दादा: पाइप कुठला? घरात सीपीव्हीसीच (प्लास्टिकचा) आहे.

मामा: आत तोच चालेल. बाहेर उन्हात प्लास्टिक कडक होऊन तडकतं, म्हणून उघडा भाग जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) ठेव, नाहीतर रंग तरी मार. नळ ज्या एल्बोत (काटकोनी जोडात) बसतो तो पितळी आट्यांचाच घे आणि भिंतीला क्लॅम्प कर. पाइप ओढला की सगळा ताण त्या एल्बोवर येतो, साधा असला तर तिथेच फुटतो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळ, उलटा गुंडाळलास तर नळ फिरवताना सुटून येतो.

वहिनी: नळाखाली पाणी साचेल त्याचं काय?

मामा: भिंतीच्या बुडाशी मुरू देऊ नका. खाली फरशीचा तुकडा, उतार झाडांकडे.

आत्या: आणि पाइप अडकवायला शेजारी एक मोठा हुक.

दादा: जोडून झालं की लगेच पाणी सोडू का?

मामा: छे. पाइप चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्यावर वाळायला जेवढा वेळ लिहिलाय तेवढा दे. मग पाणी भरून नळ बंद ठेव, रात्रभर बघ, आणि मगच भोकाचं प्लास्टर.

वहिनी: मामा, तुम्हीच या ना रविवारी. ह्यांच्या हातात ड्रिल बघून मला धडकी भरते.

दादा: 🙄

मामा: येतो. तोवर टाकीपासून खिडकीपर्यंतचं माप घेऊन ठेवा.

काका: कुलूपवाल्याचं काय ठरलं?