बाबा आणि आजोबा : तुमच्या आठवणी लिहा

ज्यांना तुम्ही बाबा म्हणालात आणि तुमच्या मुलांनी आजोबा, त्या माणसाबद्दल लिहायला हा धागा. जन्म, नोकरी, निवृत्ती हे शोकसभेत सांगून होतं. इथे ते रागावले की काय करायचे, हसू कसं दाबायचे, असलं लिहा. आमच्या घरात तर मुलांचे बाबा आणि नातवंडांचे आजोबा ही दोन वेगळी माणसं निघाली. दोघांनाही लिहून ठेवायला हवं.

सुरुवात मी करते. बाबा कडक शिस्तीचे. त्यांच्यासमोर आवाज चढवायची आमची कधी छाती झाली नाही. तेच बाबा नातीच्या पेन्सिलींना टोक करायला तासभर बसायचे. शार्पनर चालायचा नाही, ब्लेडच हवं. लाकडाची साल न तुटता उतरली पाहिजे, मग शिसं कागदावर घासून अणकुचीदार करायचं, आणि शेवटी अंगठ्याच्या नखावर बारीक रेघ ओढून बघायची. रेघ मनासारखी आली की पेन्सिल नातीच्या हातात. ती टोक मुद्दाम मोडायची, म्हणजे पुन्हा शेजारी बसता येईल. हे त्यांना चांगलं कळत होतं. आमच्या वेळी मोडलेल्या टोकाबद्दल बोलणी बसायची, तेही लिहिलंच पाहिजे, नाहीतर बाबा अर्धेच उरतील.

*

मी नातू. आबांच्या कपाटात एक कॅसेट सापडली, वर त्यांच्या अक्षरात माझं घरातलं नाव. कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे मोडले की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. आबांनी दोन्ही मोडून ठेवले होते. आत मी बोबडं बोलतोय आणि आबा मला एकेक शब्द म्हणायला लावतायत. त्यांना माझा आवाज जपायचा होता, आणि त्यात त्यांचाही राहिला. जुन्या टेपवरचा चुंबकीय थर खराब होत जातो, म्हणून ती पुन्हा पुन्हा ऐकायचा मोह आवरला आणि आधी डिजिटल प्रत करून घेतली. कुणाकडे अशा कॅसेट असतील तर थांबू नका.

*

वडील फार बोलायचे नाहीत. फोनवर "बरं आहे ना?" एवढं विचारून फोन आईकडे द्यायचे. पण फोन लावायचे नेहमी तेच.

*

मी सून, पण मला लिहायचंय. सासऱ्यांना अल्झायमर होता. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग या आजारात लवकर बिघडतो, त्यामुळे सकाळचं दुपारी आठवत नसे, आणि लहानपणचं मात्र लख्ख. पुढे ते मला आपली धाकटी बहीण समजू लागले. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. "आईला सांगू नकोस हं," म्हणत त्यांनी शाळा बुडवून नदीवर गेल्याचं सांगितलं. माझ्या नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं! रात्री मी त्याला सांगायची, तो ऐकत बसायचा. त्या आजाराने आमच्याकडून खूप नेलं, पण तो नदीवरचा मुलगा मला भेटला.

*

धागा काढणारी पुन्हा लिहितेय. सगळं वाचून रडले. ज्यांचे बाबा आहेत त्यांना विनंती, आत्ताच विचारून घ्या. उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं जास्त आठवतं, असं स्मृतीच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. तेव्हा "तुमच्याबद्दल सांगा" असं मोघम नको. पहिला पगार, शाळेतला जिवलग मित्र, घरातून पहिल्यांदा बाहेर पडले तो दिवस, असं विचारा. जुने फोटो पुढ्यात ठेवा आणि नावं लिहून घ्या. फोटोमागे नुसतं "बाबा" लिहू नका, पूर्ण नाव लिहा. तुमच्या नातवंडांना ते कुणाचे बाबा हे कळायला हवं.