टाच दुखतेय, तरी टोंगारिरो करावं का?

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजार. पुढच्या महिन्यात न्यूझीलंडला भावाकडे जातेय आणि टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंगचं, म्हणजे तिथल्या ज्वालामुखीच्या डोंगरांवरच्या ट्रेकचं, मनात पक्कं आहे, जवळपास २० किमी एका दिवसात, पण दोन महिने झाले सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, मग चालता चालता कमी होतं. काय करू?

उत्तर १:
ताई, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मला हेच होतं, तळपायाचा पडदा सुजलेला. पोटऱ्या ताणायच्या, गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची, आणि घरातसुद्धा अनवाणी नाही, अगदी देवघरातही.

उत्तर २:
मी केलंय, टाच दुखत असतानाच. चढ निभावला, वाटेतला सगळ्यात उंच भाग रेड क्रेटर, १८८६ मीटर, तिथवर ठीक होतं. खरी परीक्षा पुढे, एमराल्ड लेक्सकडे उतरताना सगळी सुटी ज्वालामुखीची खडी, पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत, बुटात बारीक खडे, आणि समोर ते हिरवे तलाव, मी तिथे बसून बूट झटकले आणि रडलेच हो. दोन काठ्या न्याच. आणि परत फिरायचं तर सुरुवातीच्या टप्प्यातल्या सोडा स्प्रिंग्जलाच ठरवा, डेव्हिल्स स्टेअरकेसचा खडा चढ चढण्याआधी, कारण रस्ता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो, मध्ये बस नाही.

उत्तर ३:
आधी वडोदऱ्याजवळचा पावागड करून बघा, तोही लाव्हाचाच डोंगर. रोपवे नको, पायऱ्यांनी चढा-उतरा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच काय म्हणते ते इथे लिहा.

मूळ प्रश्नकर्ती:
रविवारी पावागड. डॉक्टरांनी हो म्हटलं तरच.