मदत हवी आहे : तरवड, खुळखुळ्याचं बी उगवत नाही (कोल्हापूर, मुरमाड जमीन)

नमस्कार. आमचं घर हातकणंगले तालुक्यात, माळाला लागून. कोल्हापूर म्हटलं की लोकांना धो धो पाऊस आठवतो, पण तो गगनबावड्याचा. आमच्याकडे येईस्तोवर ढग रिकामे झालेले असतात. घरामागं दोन गुंठे मोकळे आहेत, वर वीतभर माती आणि खाली मुरूम. एप्रिल लागला की बोअर आटतं. गुलाब, शेवंती, मोगरा सगळं लावून झालं आणि दर उन्हाळ्यात एकेक करून गेलं. कुंपणापलीकडं मात्र तरवड भर मे महिन्यात पिवळाधमक असतो. त्याला कोण पाणी घालतंय?

म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, आता माळावरचंच लावायचं. तरवडाच्या वाळलेल्या शेंगा आणल्या. कागदासारख्या चपट्या, उजेडात धरल्या की आतल्या बिया मोजता येतात. खुळखुळ्याच्या शेंगा कानाशी हलवून बघून घेतल्या. शिवाय उन्हाळी (शरपुंखा), कुर्डू आणि तेरडा. वाफे केले, दोन पाट्या शेणखत घातलं आणि मृगाचा पाऊस पडल्यावर सगळं बोटभर खोल पेरलं.

कुर्डू वाफ्यात आला नाही, पण जिथं बी सांडलं होतं त्या पायवाटेवर दाट उगवला. तेरडा थोडा आला, ऑगस्टमध्ये पाऊस तीन आठवडे दडला तेव्हा माना टाकल्या. तरवडाच्या चाळीस बियांतून तीन रोपं. खुळखुळा आणि उन्हाळी शून्य. उरलेल्या वाफ्यात गाजरगवत कमरेएवढं. फार वाईट वाटलं. माळावर ज्याला कुणी विचारत नाही ते माझ्या हातून का उगवू नये?

बी पोचट होतं का? नर्सरीत विचारलं तर म्हणाले, असलं आम्ही ठेवत नाही, कॉसमॉस न्या. मला कॉसमॉस नको आहे, इथलंच हवं आहे. मसाई पठारावरची सोनकी आमच्याकडे जगेल का, हेही सांगा. वळीव एकदा येऊन गेलाय. जुने वाफे उद्या कुदळीनं खणून नव्यानं करणार आहे.

प्रतिसाद :
ताई, आधी कुदळ खाली ठेवा. तुमचं बी पोचट नसावं. तरवड, खुळखुळा, उन्हाळी ही तिन्ही शेंगवर्गातली, त्यांच्या बियांचं कवच इतकं टणक असतं की पाणी आतच शिरत नाही. पहिल्या पावसाला सगळ्याच उगवल्या आणि पुढं पावसानं ताण दिला, तर वंशच संपेल. म्हणून थोड्या यंदा, थोड्या पुढच्या वर्षी. तुमच्या सदतीस बियांतल्या बऱ्याच अजून त्या मातीत जिवंत असतील.

नव्या बिया काचपेपरवर घासा. डोळ्याची (बी शेंगेला चिकटलेलं असतं ती) बाजू सोडून दुसऱ्या बाजूनं, आतला फिका रंग दिसेपर्यंतच. मग रात्रभर पाण्यात. सकाळी ज्या टम्म फुगल्या त्या लगेच पेरा, ज्या तशाच राहिल्या त्या परत घासा. बी जास्त असेल तर पाणी उकळून गॅसवरून उतरवा, दोन मिनिटांनी त्यात बी टाका आणि थंड होऊ द्या. तरवड जागेवरच पेरा. त्याचं सोटमूळ खोल जातं, मोठं रोप उपटून लावलं तर रुसतं.

कुर्डूचं बी बारीक, त्याला गाडायचं नाही. वाळूत मिसळून वर भुरभुरा आणि हातानं दाबा. पायवाटेवर का आला, ते आता कळेल. शेणखत यंदा नको, त्यानं गवतच माजतं. वळवावर उगवलेलं गाजरगवत फुलावर यायच्या आत वरवर खुरपून काढा, माती उलटी करू नका. मग पेरा.

तेरडा घराच्या पूर्वेला, पागोळ्या पडतात तिथं टाका. गौरीला घरचा मिळेल. सोनकी मात्र जांभ्यावरची, पावसात आणि धुक्यात वाढणारी. ती तिथंच बघायला जाऊ या.

धागालेखिका :
दादा, कुदळ ठेवली. काल वीस बिया घासल्या. तिसऱ्या बीपर्यंत अंदाज येत नव्हता, नख दुखलं, मग कवच निघाल्याचा खरखरीतपणा बोटाला कळायला लागला. आज सकाळी वाटीत चौदा फुगलेल्या, दुप्पट झाल्यासारख्या. उरलेल्या सहा परत घासून भिजत घातल्यात. आता एकच विचारायचं आहे. मृगाला अजून बारा दिवस आहेत आणि या चौदा थांबणार नाहीत. जुन्या दुधाच्या पिशव्यांत मुरूम आणि माती भरून लावल्या तर मूळ दुमडेल का?

प्रतिसाद :
लांबट पिशव्या घ्या, खाली भोकं पाडा. चार पानांवर आली की पिशवी कापून मातीच्या गड्ड्यासकट खड्ड्यात. तेवढ्यात मूळ दुमडत नाही.